आप्पांना पहिलं आणायचंय

मला माफ करता येत नाही. शाळेपासून येत नाही. कुणी कानफटात दिली तर उलटून मारायला अंगात तेवढी हाडंच नव्हती, म्हणून मी त्याची नक्कल करायचो. त्याची, त्याच्या बापाची, त्याच्या शेंबूड ओढायच्या आवाजाची. वर्गातली साठ पोरं हसायला लागली की मी मारणाऱ्याचं तोंड बघत बसायचो. तेवढ्यावर माझं पोट भरायचं. बारावीला नापास झालो तेव्हा घरी निकालसुद्धा प्राचार्यांच्या आवाजात सांगितला. आई आधी हसली आणि मग लाटणं घेऊन मागं लागली.

पण आप्पांना नुसती नक्कल पुरणार नव्हती.

ही गोष्ट नव्वद सालाच्या पुढच्या मधल्या वर्षांतली. मी बारामतीत रिक्षातनं पुकारा करायचो. टपावर भोंगा, मांडीवर बॅटरी, हातात माईक. ‘सुती साड्यांचा भव्य सेल, शेवटचे तीन दिवस!’ ते शेवटचे तीन दिवस महिनाभर चालायचे. पुकारा संपला की मी इंदापूर रस्त्याला मामाच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसायचो. मामा माझा सख्खा, आईचा थोरला भाऊ. जुन्या मोटारसायकली दुरुस्त करायचा. नवी गाडी कुणी आणली तर तिच्याकडं असं बघायचा, जसं काय चुकून दुसऱ्याच्या घरात पाय पडलाय.

पंचवीस वर्षं सायलेन्सर काढलेल्या गाड्यांशेजारी बसून मामाचा उजवा कान पार गेलेला, डावा निम्मा राहिलेला. बारीक बिघाड शोधायला तो लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचा आणि मूठ दातात धरायचा. हाडातनं ऐकायचा. पण हाडातनं ठोका कळतो, सूर कळत नाही. सुराला मी होतो. गाडीवर एक चक्कर मारून यायचो, त्याच्या डाव्या कानाला तोंड लावायचो आणि तिचा आवाज काढायचो. कुठं धाप लागते, कुठं गुळणी धरल्यासारखं होतं, सगळं. मामा डोळं मिटून ऐकायचा. मग म्हणायचा, “हां. कार्बोरेटर.”

त्याची स्वतःची गाडी लाल होती. टू-स्ट्रोक, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, माझ्यापेक्षा वयानं थोरली. त्या गाडीचा जीव तिच्या ब्लॉकमध्ये होता. ब्लॉक म्हणजे लोखंडी नळकांडं, ज्यात पिस्टन वरखाली पळतो. त्याच्या भिंतीला आतनं पाच खिडक्या असतात. एकीतनं पेट्रोल येतं, दोहोंतनं वर चढतं, दोहोंतनं धूर बाहेर जातो. कारखान्यातनं येताना त्या सगळ्या गाड्यांच्या सारख्याच असतात. मामानं सोनाराकडनं बारीक कानस आणून त्या दोन वर्षं घासल्या होत्या. दिवसाला चारदोन हात मारायचा, बोट घालून बघायचा, ठेवून द्यायचा. एकदा कानस सटकली आणि धुराच्या डाव्या खिडकीला वरच्या कडेला खाच पडली, पुढचा दात पडल्यावर दिसतं तशी. मामा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी गाडी जोडून फिरवली, तर ती पहिल्यापेक्षा जास्त पळायला लागली.

“चूकच कामाला आली की रं,” मामा म्हणला, आणि दोन दिवसांचं एकदम जेवला.

ब्लॉक पुढंमागं फुटला तर दुसरा तसाच घासता यावा म्हणून त्यानं नकाशा काढून ठेवला होता. ब्लॉकला आतनं काजळी चोळली, जुन्या कॅलेंडरचं पान गुंडाळून आत सरकवलं आणि बोटानं सगळीकडं दाबलं. पान उलगडलं तर काळ्यात पांढऱ्या पाच खिडक्या उठलेल्या. खाचेसकट. मला तर ते माणसाचं तोंडच दिसलं. मी पेनानं त्याला झुपकेदार मिशा काढल्या. मामानं डोक्यात टपली मारली. मामीनं ते पान कुठंतरी ठेवून दिलं.

दरसाल ऊस तुटून गेला की अंथुर्ण्याच्या अलीकडं एका मोकळ्या रानात जुन्या गाड्यांची शर्यत लागायची. ती लावायचे चाचा. बारामतीत त्यांचं जुन्या पार्टचं दुकान होतं. दुकान कसलं, तुपाच्या डब्यांची रांग. कुठल्या डब्यात कुठल्या मेलेल्या गाडीचं काय आहे ते फक्त चाचांना माहीत. एखाद्याला तीस वर्षांपूर्वीचा गिअर पाहिजे असला की चाचा त्याच्या गाडीची आधी चौकशी करायचे. गाडी पळवणार का मांडून ठेवणार? मांडून ठेवणार म्हणला की, “न्हाय बाबा, शिल्लक न्हाय.” त्याच्या देखत डब्यात गिअर दिसत असायचा.

रानात गोल रस्ता आखायचा, टँकरनं पाणी मारायचं, आठ फेऱ्या. पळणारे कोण, तर एक पिठाच्या गिरणीवाला, एक हायस्कूलचे चित्रकलेचे मास्तर, एक निमगाव केतकीचा दूधवाला, ज्याच्या गाडीला कॅन अडकवायचे हूक तसेच असायचे. बक्षीस म्हणजे फेटा, नारळ आणि पितळेची घागर. नियम दोन. गाडी पंचवीस वर्षं जुनी पाहिजे. आणि जो पहिला येईल त्याचं इंजिन तिथंच, पोत्यावर, सगळ्यांच्या समोर खोलायचं. पूर्वी एकानं जुन्या गाडीच्या पोटात नव्या गाडीचं इंजिन बसवून घागर नेली होती, तेव्हापासून हा नियम. दुसऱ्या-तिसऱ्या नंबराचं इंजिन कुणी खोलत नव्हतं. खोलायचं काम मामाचं. चाचा शेजारी उकिडवं बसून बघायचे, मामा एकेक नट काढायचा आणि लोक मयताला जमतात तसे गप उभे राहायचे. माईकवर मी.

आता आप्पा. कारखान्याच्या ऊसवाहतुकीचे कंत्राटदार. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, जीप, आणि हौस म्हणून मामाच्याच जातीची एक लाल गाडी. बोलायला लागायच्या आधी दोनदा खाकरायचे आणि मग “मी काय म्हणतो”. हसायचे ते आतल्या आत, थंडीत ट्रॅक्टरला सेल्फ मारल्यासारखं. खीं-खीं-खीं. चालू काही व्हायचं नाही.

आप्पांच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. नवरदेवाला घोडा नको, जुनी मोटारसायकल पाहिजे. आप्पांची गाडी तेव्हा नुसती धूर काढायची, म्हणून ते मामाकडं आले. मामानं एका शब्दावर गाडी दिली. आमच्यात लग्नाला म्हणून कुणी वस्तू मागितली तर नाही म्हणत नाहीत. टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोल भरून दिलं, वर नवरदेवाला किक कशी मारायची तेही शिकवलं.

गाडी तिसऱ्या दिवशी परत आली. टाकी भरलेली, हँडलला झेंडूचा हार, आणि इंजिन घासूनपुसून चकचकीत. तिथंच मला खटकलं. वरातीला लोक टाकी पुसतात, मडगार्ड पुसतात. इंजिनाच्या पापुद्र्यांतला काळा मळ रॉकेलनं कोण धुतं?

मी चक्कर मारून आलो. मामाच्या कानाला तोंड लावून म्हणलं, “मामा, ही आपली न्हाय.”

“नंबर तर आपलाच हाय की.”

“नंबर आपला, घसा दुसऱ्याचा.” मी आधी आमच्या गाडीचा जुना आवाज काढला, मग आत्ताचा. मामानं डोळं मिटलेलं. दुसरा आवाज ऐकल्यावर उघडलं. पाना घेतला, हेडचे नट काढले, ब्लॉक उपसला, खिडकीत बोट घातलं. एकेक करून पाची खिडक्यांतनं फिरवलं. खिडक्या कोऱ्या होत्या. कानस कधी लागलीच नव्हती. आप्पांनी आपल्या गाडीचा ब्लॉक आमच्या गाडीला लावला होता आणि आमचा आपल्या गाडीला. तासाभराचं काम. बाहेरनं बघितलं तर दोन्ही सारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा नेहमीसारखे चहाच्या टपरीवर होते. मामा गेला, मागं मी. मामा साधं बोलला, “आप्पा, चुकून ब्लॉक बदलला वाटतं. तुमचा आमच्याकडं आलाय.”

आप्पा दोनदा खाकरले. “मी काय म्हणतो मिस्त्री, कान तर गेलंच हुतं. आता डोळंबी गेलं काय?”

टपरीवर दहाबारा जण. हसले.

मग आप्पांनी जे केलं ते मी विसरलो नाही आणि विसरणारही नाही. ते मामाकडं तोंड करून बोलायला लागले, पण आवाज न काढता. नुसते ओठ हलवले. हात हलवले, मान डोलावली, मोठा खुलासा करतोय असा चेहरा. मामाला वाटलं आपल्यालाच ऐकू येईना. त्यानं डावा कान पुढं केला, कानामागं हात धरला. “काय म्हणला?” आप्पांनी पुन्हा ओठ हलवले. मामा आणखी वाकला. “आप्पा, जरा मोठ्यानं.” लोक बाकड्यावर लोळायला लागले. मामा एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. आपला उरलेला कानही आत्ता, या टपरीवर, गेला असं त्याला वाटलं होतं. ते त्याच्या तोंडावर मला दिसलं.

आणि आता जे सांगायला नको ते सांगतो. ती नक्कल माझी होती. वरातीच्या आदल्या दिवशी आप्पांच्या मांडवात मी पोरांना हसवत होतो, तेव्हा ‘आमचा मामा’ म्हणून मीच ती करून दाखवली होती. ओठ हलवायचे, कान पुढं करायचा, दोन्ही भूमिका मीच. सगळ्यात जास्त टाळ्या आप्पांनी वाजवल्या होत्या. माझाच माल त्यांनी माझ्या मामावर वापरला. तेव्हापासून मला आप्पांचा बदला घ्यायचा होताच, पण त्यात माझाही थोडा घ्यायचा होता. आपल्याच कानफटात आपण कशी मारणार, म्हणून मी सगळा आप्पांच्या नावावर टाकला.

मामानं शेडमध्ये येऊन गाडीवर पोतं टाकलं. दुसरा ब्लॉक घासावा म्हणलं तर आणखी दोन वर्षं जाणार, आणि नकाशाचं पान कुठं गेलं ते कुणालाच आठवेना. गावात झालं उलटंच. म्हाताऱ्याची गाडी पळेना म्हणून तो आप्पांवर आळ घेतोय असं लोक बोलायला लागले. त्या साली मामा शर्यतीला आला नाही. इंजिन खोलायलाही नाही.

आप्पा आले. आमचा ब्लॉक पोटात घालून. मी माईकवर होतो आणि आमच्या गाडीचा आवाज आप्पांच्या मांडीखालनं ऐकत होतो. सात फेऱ्या ते निम्मं रान पुढं होते. आठव्या फेरीला शेवटच्या वळणावर गाडी मंदावली, दूधवाला बाजूनं निघून गेला, आप्पा दुसरे आले. “पेट्रोल कमी पडलं,” म्हणाले. लोक हळहळले. आप्पांनी माझ्या हातातनं माईक घेतला आणि दूधवाल्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “मी काय म्हणतो, आता खोला ह्याची गाडी. नियम म्हंजे नियम!”

मी रिक्षातनं घरी येताना तो आवाज तोंडानं परत परत काढत होतो. पेट्रोल संपताना गाडी आधी उचकते, मग धापा टाकते. ही उचकली नव्हती. ही नुसती निवांत झाली होती. म्हणजे गाडी दमली नव्हती, हातानं सोडली होती. आप्पा मुद्दाम दुसरे आले होते. दुसऱ्या नंबराचं इंजिन खोलत नाहीत.

रिक्षावाला म्हणला, “का हसतोयस रं एकटाच?”

मला कळलं होतं की आता एकच करायचं. आप्पांना पहिलं आणायचं.

वर्षभर मी ते कुणाला बोललो नाही, फक्त मामीला. मामी तांदूळ निवडत होती. म्हणली, “आन् खोलल्यावर काय दावणार? खिडक्या घासलेल्या हायती, म्हणतील आप्पांनीच घासल्या.” मग तिचा हात थांबला. उठून फळीवरचे डबे खाली काढायला लागली. तूरडाळीच्या डब्याखाली, तेलाचे गोल डाग पडलेलं, कॅलेंडरचं ते पान निघालं. फळीवर अंथरलं होतं. काजळी थोडी फिसकटलेली, पण पाच खिडक्या जागेवर, खाच जागेवर, मिशा जागेवर.

“तुझ्या मामाला आत्ता दावू नगंस,” मामी म्हणली. “त्यो लगीच आप्पाकडं घेऊन जाईल, विचारायला.”

खरं होतं. मामा तसाच होता.

पुढच्या शर्यतीला मामीनं मामाला सांगितलं की गेल्या साली चाचांनी कसंबसं खोललं, पण त्यांचे हात आता चालत नाहीत, इंजिन खोलायला माणूस नाही. मामा हत्यारांची पिशवी घेऊन आला आणि माझ्या टेबलामागं पाठ करून बसला. रानाकडं बघेना. मी पान शर्टाच्या आत, पोटाशी घातलं होतं. घामानं काजळी लागून नंतर आठवडाभर माझ्या पोटावर एक खिडकी होती.

गाड्या सुटल्या. आठ गाड्या, आठ सूर. पहिल्या फेरीतच आप्पा पुढं. मी माईक तोंडाला लावला.

“मंडळी, पहिले चाललेत आप्पा! पण काळजी नको! आप्पा शब्दाचे पक्के हायत, शेवटी दुसरेच येणार!”

लोक हसले. दुसऱ्या फेरीला मी आप्पा झालो. दोनदा खाकरलो. “मी काय म्हणतो, पैलं यायला काय, कुणीबी येतंय. दुसरं यायला अक्कल लागती.” आणि सेल्फ मारला. खीं-खीं-खीं. रानभर हशा. आप्पांच्या ट्रॅक्टरचे ड्रायव्हर बांधावर बसले होते, तेही खाली मान घालून हलायला लागले.

आता इंजिनाच्या आवाजात आप्पांना भोंगा काय ऐकू येणार? वळणावर शब्ददोन शब्द येत असतील. म्हणून तिसऱ्या फेरीला मी म्हणलं, “आप्पांना ऐकू यीना मंडळी! आप्पा समोरनं गेले की दोन बोटं वर करा, म्हंजे नंबर त्यांच्या ध्यानात राहील!”

लोकांना काहीतरी करायला पाहिजेच असतं. आधी पंधरावीस हात. पाचव्या फेरीला शंभर. सहाव्या फेरीला आप्पा वळणावरनं आले तर त्यांना चारी बाजूंनी दोन दोन बोटंच दिसत होती. गिरणीवाला मागं पडला होता, तोही गाडी चालवत चालवत दोन बोटं दाखवत गेला.

चाचा माझ्याजवळ आले. “अरे बाबा, काय लावलंय? त्यो बिचारा पळतोय चांगला.”

“चाचा, मी त्याला पैलंच आणतोय.”

“मंग चिडवतोस कशाला?”

“त्याच्याशिवाय त्यो येणार न्हाय.”

चाचांनी माझ्याकडं बघितलं, मग पाठ करून बसलेल्या मामाकडं बघितलं, आणि पोतं झटकायला निघून गेले.

आठवी फेरी. शेवटच्या वळणाच्या अलीकडं आप्पांनी मागं वळून बघितलं. दूधवाला किती मागं आहे याचा अंदाज घेतला आणि रेसची मूठ सोडली. गाडी निवांत झाली. माझ्या पोटातलं पान गार पडलं. तेवढ्यात वळणावर उभ्या असलेल्या आप्पांच्याच जीपमधनं एक हात बाहेर आला. आप्पांची आई. नऊवारी, कपाळभर कुंकू, तोंडात एक दात. म्हातारीला शर्यतीतलं काही कळत नव्हतं. सगळे करतायत म्हणून तिनंही लेकाकडं बघून दोन बोटं वर केली आणि खदाखदा हसली.

तिथं आप्पांचं डोकं फिरलं. मला ते डोक्याच्या आधी इंजिनात ऐकू आलं. मूठ पिळली गेली, आमचा ब्लॉक गळा काढून ओरडला आणि आप्पा उभ्या रेषेत सुटले. मामा माझ्या मागं बसला होता. त्याला आवाज गेला असेल का जमिनीतनं पायाला कळलं असेल, मला माहीत नाही, पण तो उठून उभा राहिला आणि रानाकडं वळला.

आप्पा पहिले आले. दूधवाल्याच्या आठ-दहा गाड्या अंतर पुढं.

“पैला नंबर!” मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. “आप्पा पैले! हार आणा, फेटा आणा!” मी स्वतः जाऊन हार घातला. आप्पा धापा टाकत, हात वर करून, दोन बोटांतलं एक मिटवून गर्दीला दाखवत होते. जिंकल्याचा आनंद त्यांना पुरतं अर्धं मिनिट झाला. मग त्यांना मागं पोतं अंथरलेलं दिसलं.

“चाचा, मी काय म्हणतो,” आप्पा एकदाच खाकरले. “गाडी लई गरम हाय. उद्या माझ्या शेडवर खोलू निवांत.”

“गरम लोखंड आमाला नवं हाय व्हय?” चाचा म्हणाले. “मिस्त्री, पाना घ्या.”

“घागर दूधवाल्याला द्या, माझं काय म्हणणं न्हाय.”

मी माईकवर गेल्या वर्षीचे आप्पा काढले. “नियम म्हंजे नियम!” शब्दाला शब्द, खाकरण्याला खाकरणं. शंभर जणांनी ते माझ्यामागनं म्हणलं. आप्पांचे ड्रायव्हरही म्हणले.

मामानं ओलं फडकं लावून नट काढले. हेड निघालं. ब्लॉक वर उपसला आणि पोत्यावर ठेवला. मग बोट आत घातलं. ब्लॉक चटके देत होता, पण बोट त्यानं काढलं नाही. डाव्या खिडकीच्या वरच्या कडेला जाऊन ते थांबलं. मामानं वर माझ्याकडं बघितलं.

मी शर्टातनं पान काढलं आणि चाचांच्या हातात दिलं. “चाचा, हा मामाच्या ब्लॉकचा नकाशा. बघा बसतोय का.”

चाचांनी पान गुंडाळून आत सरकवलं, फिरवलं, एका जागी थांबवलं. धुराच्या खिडक्यांत बाहेरनं डोकावून बघितलं. मग मास्तरांना बोलावलं, “मास्तर, तुमी चित्रं काढता. तुमी बघा.” मास्तरांनी चष्मा वर करून पाची खिडक्या बघितल्या. “कडेला कड लागती. ही खाचसुद्धा,” ते म्हणाले. “मिशा कुणी काढल्यात?”

गर्दीत कुणी हसलं नाही. सगळे आप्पांकडं बघत होते. आप्पांनी तोंड उघडलं. ओठ हलले. हात हलला. आवाज आला नाही. पुन्हा ओठ हलले.

मी पळत गेलो आणि माईक त्यांच्या तोंडासमोर धरला. भोंग्यातनं रानभर नुसता श्वास ऐकू यायला लागला.

“आप्पा,” मी कानामागं हात धरून, डावा कान पुढं करून म्हणलो, “जरा मोठ्यानं.”

त्यांच्या तोंडाकडं मी किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. शाळेत जसं पोट भरायचं तसं भरलं. त्याच्यावर आणखी थोडं खाल्लं. शेवटी मामानंच माझ्या हातातला माईक काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

मामा आप्पांना एवढंच म्हणला, “तुमचा आमच्याकडं हाय. उद्या पाठवून देतो.” ब्लॉक पोत्यात गुंडाळला आणि माझ्या मांडीवर दिला. बारामतीपर्यंत तो मांडी भाजत आला. घागर दूधवाल्याला गेली. आप्पांची उघडी गाडी त्यांच्याच ड्रायव्हरांनी ट्रॉलीत टाकून नेली.

दुसऱ्या दिवशी आप्पांचा ब्लॉक मी स्वतः पोचवला. आधी रॉकेलनं धुऊन लख्ख केला, वर झेंडूचा हार घातला. तो बसवायला बारामतीपासून इंदापूरपर्यंत एकही मिस्त्री तयार झाला नाही. कुणी ठरवलं नव्हतं. प्रत्येकाला त्या दिवशी नेमकं दुसरं काम निघायचं. चाचांकडं हेडचं पॅकिंग मागायला आप्पांनी माणूस पाठवला तर चाचा म्हणाले, “न्हाय बाबा, शिल्लक न्हाय.” ती गाडी माझ्या माहितीप्रमाणं अजून तशीच, उघड्या पोटानं, ट्रॅक्टरच्या टायरांमागं पडून आहे. मी त्या बाजूला साड्यांच्या सेलचा पुकारा घेऊन गेलो की आप्पांच्या घरासमोर रिक्षा जरा थांबवतो आणि माईक चालू ठेवून दोनदा खाकरतो.

आमचा ब्लॉक बसवला त्या सकाळी मामानं पहिल्या किकला गाडी चालू केली. स्क्रू-ड्रायव्हर दातात धरला, काढला, मला म्हणला, “जा, फिरवून आण.”

मी फिरवून आणली आणि त्याच्या डाव्या कानाला तोंड लावून तिचा आवाज काढला, खालपासून वरपर्यंत, वळणावर ओरडली होती तोही. मामानं डोळं मिटून सगळा ऐकला.

“हां,” म्हणला. “हीच.” मग डोळं न उघडताच म्हणला, “आता त्याच्या गाडीचा काढ.”

मी तोंड उघडलं. ओठ हलवले. आवाज काढला नाही. उघड्या पोटाच्या गाडीला कुठला आवाज?

मामानं कान आणखी पुढं केला. कानामागं हात धरला. “काय?”

तेव्हा मला माझी ती जुनी नक्कल आठवली. मांडवातल्या त्या दिवशीचं त्याला कुणी सांगितलं होतं का नाही, मला आजही माहीत नाही. मी तसाच ओठ हलवत राहिलो, कारण थांबलो असतो तर सांगावं लागलं असतं.

मग मामाच्या खांद्यांना हसू आलं. आधी खांद्यांना, मग पोटाला. पाना हातातनं पडला तरी तो हसत होता. मामी बाहेर येऊन बघायला लागली की हे दोघं आवाज न करता काय बोलतायत. मामानं डोळं पुसलं, माझ्या डोक्यात टपली मारली, जरा जोरातच, आणि म्हणला,

“परत काढ.”